नव्या पाण्याची माशी

आयुधपूजेच्या दिवशी देवापुढचं अवजार उचलू नये, हे आमच्या तंजावुरात नुकतं चालायला लागलेलं पोरसुद्धा जाणतं. पुस्तक नाही, कात्री नाही, सायकलदेखील नाही. सगळ्यांना गंध-कुंकू लावायचं आणि एक दिवस बसवून ठेवायचं. मी उचललं. नुसतं उचललं नाही, वायर जोडून चालूही केलं. तेव्हा मी अडुसष्ट वर्षांची पोर होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. आता वय वाढलंय, हुशारी जरा उतरलीय, म्हणून सांगायची हिंमत होते आहे.

आज हे आठवायचं कारण म्हणजे काल आमच्या मागच्या कालव्याला पाणी आलं. या कालव्याला इथे सगळे पुदु आरु म्हणतात, म्हणजे नवी नदी. नाव नवी, वयानं माझ्यापेक्षा थोरली. उन्हाळाभर ती कोरडी पडते, शेळ्या तिच्या पोटात चरतात, मुलं क्रिकेट खेळतात. मग वर कुठेतरी धरण उघडतं आणि पाणी आमच्यापर्यंत चालत येतं. धावत नाही. म्हाताऱ्या माणसासारखं, जमीन चाचपत, खड्ड्याखड्ड्यात थांबत येतं. आधी त्याचा वास येतो. तापलेल्या गाळाचा, कुजक्या केळीच्या सोपटाचा. मग तपकिरी फेस दिसतो, फेसावर एखादी चप्पल, नारळाची सोडणं, प्लास्टिकच्या बाटल्या. कवींनी वर्णन करावं असं त्यात काही नसतं. तरी सगळी गल्ली काठावर येऊन उभी राहते. शेजारची कामाक्षी मामी (इथे शेजारीपाजारी सगळे एकमेकांचे मामा-मामीच) पदर खोचून ओरडली, "वंदाच्चु, वंदाच्चु!" आलं, आलं! आणि मी सवयीनं घराकडे वळले, आत सांगायला तोंडही उघडलं. आतलं माणूस जाऊन इतकी वर्षं झाली, पण पाण्याची बातमी मी अजून त्यांनाच द्यायला जाते. तोंड उघडलंच होतं, म्हणून जांभई दिली. मामीला वाटलं मला झोप येतेय.

आमचे हे जन्मभर निलगिरीवर, धरणाच्या कँपात हिशेबनीस होते. तिथल्या बर्फासारख्या ओढ्यांत ट्राउट मासे, आणि रविवारी कँपात दुसरं काही करण्यासारखं नाही. एका ओव्हरसियरनं यांना माशी बांधायला शिकवलं. माशी म्हणजे खरी नव्हे. बारीकसा गळ घ्यायचा, त्यावर रेशमी दोऱ्यानं कोंबड्याचं पीस बांधायचं, सशाची नाहीतर लोकरीची लव दोऱ्यावर वळून अंग करायचं, आणि डोक्यावर वॉर्निशचा थेंब. पाण्यावर पडली की माशाला वाटावं, किडा पडला. निवृत्त होऊन तंजावुरात आलो तेव्हा सामानात पितळी समया एका खोक्यात आणि पिसं दुसऱ्या खोक्यात. सासूबाई असत्या तर दुसरं खोकं दारातच राहिलं असतं. आमचं घर पिढ्यान् पिढ्या शाकाहारी, आणि हे कालव्याच्या पायरीवर काठी घेऊन बसणार. मासा लागला की ओल्या हातानं गळ सोडवायचे, त्याच्याशी काहीतरी पुटपुटायचे आणि परत पाण्यात सोडून द्यायचे.

कामाक्षी मामीला हे कधीच पटलं नाही. "मामा, खायचा नाही तर धरता कशाला?"

"कामाक्षी, तू रोज सीरियल बघतेस. त्यांतलें काय घरीं आणतेस?"

तो अनुस्वार आम्ही तंजावुरचे मराठी अजून बोलतो. घरीं, त्यांतलें, हें, तें. पुण्याकडचे पाहुणे ऐकून गालात हसतात. मी लिहिताना मात्र पुस्तकी लिहिते, कारण देवनागरी मी हिंदीच्या परीक्षा देता देता शिकले आणि तिथे नाकातल्या बोलण्याला मार्क नव्हते. यांचं बोलणं लिहिताना तो पुसून टाकायला मात्र माझा हात होत नाही.

दरवर्षी कालव्याला पाणी आलं की हे एक माशी बांधत. नव्या पाण्याची माशी. एकच. जेवण झाल्यावर मागच्या ओसरीवर बसायचे, छोटा शेगडा, म्हणजे स्क्रूनं आवळायची लोखंडी पकड, फळीला आवळायचा, त्यात गळ धरायचा, आणि मग ऊन पायरीवरून खाली उतरून पाण्यात जाईपर्यंत ते एवढंसं काम चाले. मला कळायचं नाही की करंगळीच्या नखाएवढ्या वस्तूला अख्खी दुपार कशी लागते. मी तीस वर्षं मुलींच्या शाळेत फिजिक्स शिकवलं. घंटा झाली की धडा संपलाच पाहिजे, या शिस्तीत वाढलेली बाई मी. मी आतून ओरडायचे, "झाली का हो?" आतून उत्तर मागणाऱ्या बाईला हे कधीच उत्तर द्यायचे नाहीत.

त्या माशीत पिसं असायची, कँपातल्या फाटक्या स्वेटरची लोकर असायची, आणि माझे केस. खरंच सांगते. माझ्या फणीतले पांढरे केस हे गोळा करून आगपेटीत ठेवत. म्हणायचे, इतका चांगला मळका पांढरा रंग दुकानात मिळत नाही, अगदी मासोळीच्या पोटासारखा. चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या रूपाचं यांनी केलेलं एवढंच कौतुक. मी त्यावर सुद्धा लाजले होते, हे आता लिहिताना कळतंय.

मग एका वर्षी डवरा वाजायला लागला. आमच्याकडे कॉफी टंबलरमध्ये, आणि टंबलर डवऱ्यात, म्हणजे स्टीलच्या खोलगट वाटीत. सकाळी मी कॉफी हातात दिली की टंबलर डवऱ्यावर किणकिण करायचा. आधी मला वाटलं रस्त्यावरून लॉरी जातेय. मग वाटलं हे मुद्दाम वाजवतायत, साखर कमी पडली म्हणून. डॉक्टरांनी यांना बोट नाकाला लावायला सांगितलं, चालायला सांगितलं, आणि मग खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाले की थरथर थांबणार नाही, हळूहळू वाढेल. बाहेर आल्यावर हे म्हणाले, "नाक सांपडलें ना? मग झालें."

त्या वर्षी पाणी उशिरा आलं. हे ओसरीवर बसले, शेगडा आवळला, गळ धरला. लव दोऱ्यावर बसेना. बोटं एकमेकांवर घासून ती वळावी लागते, इतकी हलकी की श्वासानं उडते. वळली की सुटे, वळली की सुटे. ओसरीभर माझे केस. संध्याकाळी यांनी गळ परत डबीत ठेवला आणि आत येऊन म्हणाले, "पाणी आलें. माशी नाहीं आली." वाक्य एवढंच, पण मी त्या रात्री ठरवूनच टाकलं. फिजिक्सची बाई घरात असताना बोटांवाचून काम अडतं म्हणजे काय!

इथून माझी कर्तबगारी सुरू होते. हसायचं असेल तर आताच हसून घ्या.

पहिलं यंत्र पिंजायचं. लोकर, केस, लव, सगळं एकजीव पिंजलं गेलं की दोऱ्यावर चांगलं बसतं. त्यासाठी मी जुन्या मिक्सरचं चटणीचं भांडं घेतलं, पाती कानशीनं घासून बोथट केली, आत लव टाकली आणि बटण दाबलं. झाकण धरायचं विसरले. एका क्षणात स्वयंपाकघरात हिवाळा आला. छताला लोकर, देवाच्या तसबिरीला लोकर, उकळत्या सांबारात लोकर. कामाक्षी मामी वाटीभर सांबार मागायला आली होती. तिनं पळीतून एक तंतू उचलून उजेडात धरला. "अंबू मामी, हे काय घातलंय?"

"नवीन पद्धत आहे," मी म्हणाले.

हे ओसरीवरून इतके हसले की खोकला लागला. त्या वर्षातलं ते हसणं मला स्वच्छ आठवतं, कारण नंतर त्याचा साठा फार नव्हता.

दुसरं यंत्र पीळ द्यायचं, आणि त्याचा मला खरा गर्व. शिलाई मशीनची मोटर काढली, सोबत पायानं दाबायचं पेडल. मोटरच्या टोकाला मोडक्या छत्रीची काडी वाकवून आकडा केला. मेण लावलेला दोरा दुहेरी करून आकड्यात अडकवायचा, मध्ये लव पसरायची, पेडल दाबायचं. दोरा गर्रकन् फिरतो आणि लवेची केसाळ दोरी तयार, ती गळावर गुंडाळली की झालं किड्याचं अंग. पहिल्या दिवशी पेडल जोरात दाबलं गेलं, दोरा तुटला आणि आकड्यानं माझा अंबाडा धरला. हे उठायला बघतायत, हात टेकतायत, उठता येत नाहीये, आणि मी मोटरला बांधलेली गाय ओसरीवर उभी. "तुला गळाला लावायचें राहिलें होतें," हे म्हणाले. मी नेट सोडला नाही. पेडलखाली लाकडाची पाचर ठोकली, म्हणजे ते अर्ध्यावरच थांबेल. मग पीळ असा यायला लागला की कँपातला ओव्हरसियर बघता तर त्यानं नोकरी सोडली असती.

हे पहिल्या दोरीकडे बराच वेळ बघत राहिले. बोटानं दाबून पाहिली. "घट्ट आहे," म्हणाले. मी ते कौतुक समजले. फिजिक्समध्ये घट्ट म्हणजे चांगलं.

तिसरं यंत्र वाळवायचं. डोक्यावरचं वॉर्निश एका बाजूला ओघळतं, म्हणून माशी सुकेपर्यंत सावकाश फिरत राहायला हवी. आधी हे ती हातात धरून फिरवत बसत. आता सावकाश फिरणारी मोटर आणायची कुठून? आमच्या घरात ती एकाच ठिकाणी होती. नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्या मांडतो ना, आमचा कोलु, त्यातला मधला कृष्ण गोल फिरतो. कृष्ण काढला, त्या जागी थर्माकोलची चकती बसवली आणि तिच्या कडेनं गळ टोचले. त्या नवरात्रात हळदीकुंकवाला आलेल्या बायका विचारायच्या, "यंदा कृष्ण थांबला कशानं?" आणि पलीकडच्या खोलीत माझी चकती मंद गुणगुणत फिरत असायची. कोलुच्या खालच्या पायरीवर आमची तंजावुरी बाहुली होती, बोट लावलं की बराच वेळ मान हलवत राहणारी. हे तिच्याजवळ खुर्ची ओढून बसायचे. एकदा म्हणाले, "हिला कोणी डॉक्टरकडे नेत नाहीं." मी हसले नाही, तर हेच रागावले माझ्यावर. "हस गे. चांगलें होतें तें."

एक गोष्ट त्या दिवसांत माझ्या डोळ्यांपुढे होती आणि मी ती पाहिली नाही. पिंजायचं मी करत होते, पीळ मी देत होते, वाळवत मोटर होती. यांच्या वाट्याला बघणं उरलं होतं. मी विचारायचे, "आणखी कुठे अडतं सांगा, तेही बनवते." हे मान हलवायचे. ती हो होती, नाही होती, की नुसती थरथर होती, हे ओळखायला मी थांबलेच नाही. माझ्या डोक्यात पुढचं यंत्र फिरत असायचं. सकाळी बाजारातून येताना मला बॉलबेअरिंग दिसायचे, घरी आल्यावर माणूस दिसायचा नाही. आणि दुपारी? दुपारी पूर्वी माशी बांधायची वेळ असे. त्या वर्षी दुपारी हे ओसरीच्या खांबाला टेकून कालव्याकडे बघत बसत, आणि तीनच्या सुमाराला विचारत, "किती वाजले गे?" थोड्या वेळानं पुन्हा, "किती वाजले?" मला वाटायचं औषधाची वेळ विचारतायत. मी आतून ओरडून सांगायचे, अजून वेळ आहे म्हणून.

आयुधपूजेच्या सकाळी मी माझी तिन्ही यंत्रं पाटावर मांडली, वायरी गुंडाळल्या, मोटरवर चंदनाचे टिळे लावले. यांनी आपला शेगडा, कात्री, चिमटा आणून ठेवला. शेवयांची खीर झाली, डाळवडे झाले, आरती झाली. उद्या विजयादशमीपर्यंत कोणी काही उचलायचं नाही. मी जेवून आडवी झाले.

जाग आली तेव्हा ऊन ओसरीच्या दुसऱ्या पायरीवर होतं. हे पायरीवर बसलेले. शेगडा देवापुढे, म्हणून गळ यांनी एका कच्च्या केळ्यात खोचला होता. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला बांधलं होतं, जसं फुलवाल्या बाया मोगऱ्याचे गजरे करताना बांधतात. आणि बोटांनी लव वळत होते. आयुधपूजेला आयुधं बसतात, बोटं बसत नाहीत, हे यांनी शोधून काढलं होतं. आगपेटी उघडी होती, माझे केस होते. वळत होते, सुटत होतं, पुन्हा वळत होते. अर्ध्या बोटाएवढा दोरा जमला होता, तो कसला! गाठी, फुगे, कुठे टक्कल, कुठे झिपऱ्या. तोंडानं काहीतरी गुणगुणत होते. मी मागे उभी राहिले. दया आली हो. किती केविलवाणं, असं वाटलं मला.

मग ती अडुसष्ट वर्षांची पोर आत गेली, देवाला हात जोडून माफी मागितली, आणि पाटावरून पिळाचं मशीन उचललं. कुंकवासकट. ओसरीवर आणून वायर लावली. यांच्या अंगठ्याचा दोरा सोडवला. सोडवताना हे म्हणाले, "आज नको गे." मला वाटलं पापाला भितायत. मी म्हणाले, "देव काही म्हणत नाही, मी विचारून आलेय." नवा दोरा, मेण, लव, पेडल. मोटर घुर्रर्र झाली, चंदनाची वाळकी पापुद्री उडाली, दोरी तयार. गळावर गुंडाळली, पीस बांधलं, गाठ मारली. सुबक, एकसारखी, छापील माशी. मी ती यांच्या तळव्यावर ठेवली. तळवा हलत होता, म्हणून माशी जिवंत वाटत होती. यांनी तिच्याकडे पाहिलं, मग उन्हाकडे पाहिलं. ऊन दुसऱ्या पायरीवरच होतं.

त्यानंतर यांनी माशी बांधली नाही. थै महिन्यात, म्हणजे संक्रांत झाल्यावर, धरण बंद झालं, पाणी उतरलं, कालव्यात खड्ड्याखड्ड्यात अडकलेले मासे पोरं हातांनी धरू लागली. त्याच दिवसांत हे गेले. कामाक्षी मामी कितीतरी दिवस मला समजावत होती की त्या मशीनचा याच्याशी काही संबंध नाही, देव असा कोपत नाही. मला देवाची भीती कधीच नव्हती. देवानं बिचाऱ्यानं काय केलंय?

आज दुपारी मी मागच्या पायरीवर बसले. बाजारातून कच्चं केळं आणलं होतं. यांच्या डबीतला एक गळ त्यात खोचला. दोरा अंगठ्याला बांधायला वाकले तर कंबरेनं शिव्या घातल्या. केस माझेच, आता भरपूर पांढरे, फणीत हवे तेवढे. वळायला घेतले. माझे हात थरथरत नाहीत अजून, तरी सुटतच होते. कामाक्षी मामी कुंपणावरून वाकली. "मामी, मशीन आहे ना तुमच्याकडे? कशाला त्रास?"

"मशीन बिघडलंय," मी म्हणाले. खोटं. ते वरच्या फळीवर आहे, जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं, बटण दाबलं तर या क्षणी फिरेल.

ती गेली. पाणी चढत होतं, तिसरी पायरी बुडाली. एक बेडूक आला, माझ्या अंगठ्याच्या दोऱ्याकडे बघत बसला, गेला. पलीकडच्या काठावर कुणीतरी म्हैस धूत होतं. मी लव वळली, सुटली, वळली. एकदाही घड्याळाकडे बघावंसं वाटलं नाही. माशी झाली तेव्हा पाण्यावर तांबूस उजेड होता आणि मला दिवे लावायचे आहेत हे आठवलं. माशी म्हणजे आजारी झुरळ. कुठल्याही अब्रूदार माशानं तोंड फिरवलं असतं. मी ती बराच वेळ तळव्यावर धरून बसले. हात स्थिर, म्हणून ती मेल्यासारखी पडून होती. हात जरा हलवून पाहिला.

त्या आयुधपूजेच्या दिवशीही दिव्याचीच वेळ होती. मी समई लावून बाहेर आले. छापील माशी फळीवर ठेवलेली, हे खांबाला टेकून तसेच. मी विचारलं, "आवडली ना?" यांनी होकार दिला. मग माझा हात धरला, धरला म्हणजे काय, यांच्या हाताबरोबर माझाही हलायला लागला, आणि म्हणाले,

"अंबू, तुझ्या मशीननें माशी दोन मिनिटांत झाली गे. मला ती संध्याकाळपर्यंत पुरवायची होती."